व्हर्नाच्या यादीतून नाव काढणारे

मी चौतीस वर्षं पोस्टमन होतो. त्यामुळे ईमेलबद्दल माझ्या तोंडून चांगलं ऐकायची अपेक्षा कोणी ठेवू नये. ज्या वस्तूने माझी थैली रिकामी केली, तिचे गोडवे मी का म्हणून गाऊ? पण व्हर्ना टोलेफसनची गोष्ट सांगायची म्हटली तर ईमेलचं नाव घेतल्याशिवाय इलाज नाही, आणि थापा मारायची मला सवय नाही. तेव्हा एकदाच सांगतो.

व्हर्ना माझी शेजारीण. एल्डरव्हिक गावाच्या उत्तर टोकाला, धान्याच्या कोठारापलीकडे तिची रोपवाटिका आहे. दोन लहान ग्रीनहाऊस आणि एक मोठं. मोठं तिच्या नवऱ्याने, हार्लनने, स्वतःच्या हातांनी उभं केलं. पाइप मी धरले होते आणि शिव्या त्याने दिल्या होत्या. हार्लनला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून व्हर्ना एकटीच सगळं बघते, आणि निवृत्त झाल्यावर करमेना म्हणून मी तिच्याकडे कुंड्या उचलायला जातो. तिचं वय अडुसष्ट, माझं सत्तर. पण कुंड्या तीच जास्त उचलते. मी बोलतो जास्त.

मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये फक्त जिरेनियम. लाल, गुलाबी, पांढरं. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे लढाईत गेलेल्या सैनिकांची आणि आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायच्या दिवशी, आपल्या माणसाच्या थडग्यावर जिरेनियम ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. वर्षानुवर्षं सगळा तालुका व्हर्नाकडून ती फुलं न्यायचा. मग दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या मोठ्या दुकानाने पार्किंगमध्ये तंबू ठोकला. फुलं तीच, पण तिथे फुलांसोबत टायर आणि दूधही मिळतं. गेल्या वर्षी व्हर्नाची निम्म्याहून जास्त जिरेनियम खताच्या ढिगावर गेली. मी स्वतः ढकलगाडीतून टाकून आलो. ती पाठ करून उभी होती. त्या दिवशी तिने मला कॉफी विचारली नाही, यावरून काय ते समजा.

यंदा मार्चमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, तिने मला सरळ सांगितलं, "डेल, फार्गोचा एक माणूस मोठ्या ग्रीनहाऊसचा सांगाडा मागतोय. त्याला आत होड्या ठेवायच्यात."

"मग?"

"मेमोरियल डेला फुलं विकून ते रिकामं झालं तर ठेवीन. नाही झालं तर मंगळवारी त्याला फोन करीन."

"किती लावलीयेस यंदा?"

"तीन हजार."

मी हातातली कुंडी खाली ठेवली. गेल्या वर्षी बाराशे खपली नव्हती, आणि ही बया तीन हजार लावून बसली होती! पण तिचं म्हणणं असं, की बंदच करायचं तर अर्धवट प्रयत्न करून कशाला? हार्लनही असाच होता. दोघांचं जमलं ते उगाच नाही.

एवढ्यात तिच्या बहिणीची मुलगी कर्स्टन मिनीॲपोलिसहून आली. ही पोरगी दुकानांसाठी ईमेल लिहायचं काम करते. काम म्हणे! मी बर्फातून घरोघर पत्रं टाकली ते काम. पण पोरगी हुशार. तिने येऊन पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, तुझ्याकडे येणाऱ्या लोकांची नावं-पत्ते आहेत का तुझ्याकडे?"

"सगळे ओळखीचेच आहेत की."

"मग त्यांना कळवतेस कसं, की फुलं आलीयेत?"

"कळवायचं कशाला? दरवर्षी येतातच ती."

"पूर्वी कार्डं पाठवायची ना ही," मी म्हणालो. "सहाशे कार्डं. मीच टाकायचो."

"त्यातली वाचली किती जणांनी, डेलकाका?"

आता हे काय विचारणं झालं? पोस्टमनचं काम पत्र टाकायचं. पुढे ते वाचतात की शेगडीत घालतात, त्याच्याशी मला काय करायचंय? तसं मी म्हणालोही. कर्स्टन गोड हसली आणि म्हणाली, "ईमेलमध्ये ते कळतं, काका. शिवाय तिकीट लागत नाही. आणि तंबूवाल्याला तुमच्या गावातलं कोणीच माहीत नाही. मावशीला सगळे माहीत आहेत. हीच तर तिची कमाई आहे."

मी कुंड्या उचलायला गेलो.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी टेबलावर एक कागद ठेवला. ज्याला व्हर्नाकडून पत्र हवं त्याने आपला ईमेल लिहायचा, कोणावर जबरदस्ती नाही. आमच्याकडे एक रीत आहे, ती इथे सांगायलाच हवी. कोणी काही देऊ केलं तर आम्ही दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुला त्रास नसेल तर," असं म्हणून तीन कप कॉफी पितो. दोनदाच विचारून जो थांबला, त्याने अपमान केला असं समजतात. तेव्हा व्हर्ना तो कागद घेऊन प्रत्येकाकडे तीन-तीनदा फिरली. तीनशे बारा नावं जमली. तिचे पाय सुजले, पण नावं जमली.

पहिलं पत्र कर्स्टनने लिहून आणलं. वर मोठ्या अक्षरांत: घाई करा! थोडीच फुलं शिल्लक!

व्हर्नाने चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढला. "थोडीच? तीन हजार आहेत."

"मावशी, असं लिहायचं असतं."

"खोटं लिहायचं असतं?"

"खोटं नाही गं, जरा उत्साह..."

"हे वाचून अर्डेल रात्रभर झोपायची नाही. तिला वाटेल, आपल्याला फूल मिळणारच नाही. काढ ते."

मग व्हर्नाने स्वतः लिहायला घेतलं. एका बोटाने. दोन तास लागले. माती किती गार आहे, टोमॅटोची रोपं आत्ताच का लावू नयेत, कुंडीत पाणी साचलं तर काय करावं, असं सगळं. फुलं विकायची आहेत हे शेवटच्या ओळीत, तेही माफी मागून. वर विषयाची ओळ लिहायची असते. तिथे तिने लिहिलं, 'फार महत्त्वाचं नाही.'

कर्स्टनने कपाळावर हात मारला. "मावशी, हे कोण उघडणार?"

सगळ्यांनी उघडलं! तीनशे बारापैकी तीनशे चारांनी! कर्स्टन त्या आकड्याकडे भूत बघितल्यासारखी बघत राहिली. अगं पोरी, आमच्या गावात व्हर्ना टोलेफसन 'फार महत्त्वाचं नाही' म्हणते तेव्हा कोणीतरी गेलेलं असतं किंवा कोणाचं तरी कोठार जळालेलं असतं. उघडणार नाहीत तर काय!

पत्रांचा फायदा दिसायला लागला तो असा, की माणसं दुकानात प्रश्न घेऊन यायला लागली. "व्हर्ना, तू लिहिलंस ना, पानं पिवळी पडली तर..." आणि प्रश्न विचारायला आलेला माणूस रिकाम्या हातांनी कसा जाईल? लाजेकाजेखातर दोन कुंड्या उचलतोच. पण व्हर्नाला त्यापेक्षा जास्त मजा वेगळ्याच गोष्टीची वाटायला लागली. पत्र कोणी उघडलं, किती वेळा उघडलं, हे तिला संगणकावर दिसायचं, आणि तिला ते पोटात ठेवता यायचं नाही.

लाइल नेसेट म्हणून एक अविवाहित शेतकरी आहे. वय एकाहत्तर. शेत पुतण्याला देऊन आता नुसता भटकतो. तो दुकानात आला तर व्हर्ना सगळ्यांसमोर म्हणाली, "लाइल, तू माझं पत्र सात वेळा उघडलंस. बरा आहेस ना?"

लाइल कानांपर्यंत लाल. "माझं... बोट लागतं चुकून."

"सात वेळा?"

"बोट जाड आहे माझं."

दुकानात हशा पिकला. लाइलने टोपी खाली ओढली आणि एकदम सहा कुंड्या घेऊन पळाला. मी हसून हसून पोत्यावर बसलो.

बोलावणं पाठवायचं तर तीनदा, हा व्हर्नाचा नियम. सोमवारी लिहायची, 'आलात तर बरं, नाही आलात तरी काही नाही.' कोणी यायचं नाही. मंगळवारी तेच पुन्हा. दोघं-तिघं यायची. बुधवारी लिहायची, 'शेवटचं विचारते,' आणि दुपारपर्यंत गाड्या लावायला जागा उरायची नाही. कर्स्टन फोनवर ओरडायची, "मावशी, दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी वैतागून नावं काढली असती!"

"नावं काढता येतात?" व्हर्नाने विचारलं.

तिला ते माहीतच नव्हतं. प्रत्येक पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: यादीतून माझं नाव काढा. दाबलं की झालं. मे उजाडला आणि पहिलं नाव गेलं. अर्डेल ब्योर्केचं. अर्डेल म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, व्हर्नाच्या शाळेपासूनची मैत्रीण.

व्हर्ना खुर्चीत बसली ती उठेचना. "डेल, मी तिला काय केलं रे?"

"काही नाही केलंस. नको असेल पत्र."

"नको असेल तर तसं तोंडावर सांगायचं होतं."

आमच्याकडे तोंडावर कोणी काही सांगत नाही हे तिलाही माहीत, पण दुःखात माणूस काहीही बोलतो. तिने घरी जाऊन रुबार्बच्या वड्या भाजल्या. रुबार्बचे आंबट दांडे चिरून, खाली लोण्याचा थर, वर साखर आणि ओट. तव्यावरच्या नाहीत, ओव्हनमध्ये भाजलेल्या, गरम असताना कापायच्या. तालुक्यात तशा वड्या दुसरीला येत नाहीत, हे मी मरताना पण सांगेन. त्या घेऊन ती मला म्हणाली, "गाडी काढ. माफी मागायला जायचंय."

अर्डेलने दार उघडलं, वड्या बघितल्या, व्हर्नाचा चेहरा बघितला आणि घाबरली. "कोण गेलं?"

"तू गेलीस," व्हर्ना म्हणाली. "माझ्या यादीतून. काय चुकलं माझं?"

अर्डेलला आधी काही समजेना. मग समजलं तेव्हा ती दारातच हसायला लागली. "अगं, पत्र वाचून झालं की खालचं ते दाबायचं असतं ना? उठताना खुर्ची जागेवर ठेवावी तसं? मला वाटलं, ते न दाबता बंद करणं बरं दिसत नाही!"

दोघी गळ्यात पडून हसल्या, रडल्या, वड्या खाल्ल्या. मी चार खाल्ल्या. अर्डेलने आपलं नाव पुन्हा लिहून दिलं. इथे सगळं संपायला हवं होतं.

पण अर्डेलचं तोंड! रविवारी चर्चच्या तळघरात तिने ही हकीकत जो भेटेल त्याला सांगितली, आणि सांगताना वड्यांचं वर्णन जरा जास्तच केलं. सोमवारी व्हर्नाच्या यादीतून नऊ नावं गेली.

मंगळवारी चौदा.

व्हर्नाचा चेहरा पांढराफटक. "लोकांना माझा कंटाळा आलाय, डेल." आणि ती पुन्हा रुबार्ब चिरायला बसली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हाच शंका आली होती. नावं काढणारी सगळी नेमकी गोड खाणारी मंडळी कशी काय? पण प्रत्येक घरी मलाही वड्या मिळत होत्या, आणि पाप माझ्या पदरातही थोडं आहे. मी गप्प बसलो. आठवडाभर आम्ही रोज सकाळी वड्या घेऊन निघायचो. दार उघडायचं, व्हर्ना माफी मागायची, घरातला माणूस म्हणायचा, "नाही नाही, तुझं काही चुकलं नाही, कशाला त्रास घेतलास," असं दोनदा, आणि मग ताट आत न्यायचा. काही जण नाव परत लिहून द्यायचे. मग दोन दिवसांनी तेच पुन्हा नाव काढायचे!

कर्स्टनने फोनवर आकडा सांगितला. सेहेचाळीस. "मावशी, असं मी आयुष्यात पाहिलं नाही. पत्रं सगळी उघडतात, आणि नावंही काढतात! काय चाललंय तिकडे?"

मेमोरियल डेला सहा दिवस राहिले होते. मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये जिरेनियम अजून दोन हजारांच्या वर उभी. आणि जिने ती विकायची, ती सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मला रात्री झोप लागेना. बुधवारी सकाळी आम्ही लाइलच्या दारात गेलो. त्याचं नाव दुसऱ्यांदा गेलं होतं. व्हर्नाने दार वाजवायच्या आधीच दार उघडलं. आत टेबलावर कॉफीचे तीन कप मांडलेले. ताटल्या तीन. काटे तीन. लाइलच्या शर्टात पेपर नॅपकिन खोचलेला.

"ये ये," तो म्हणाला, "आज लिंबाची साल घातलीयेस का? परवा जरा कमी होती."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग टेबलाकडे. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे गाय वगैरे काही नव्हतं, तरी बघितलं.

"बरं," व्हर्ना म्हणाली.

आमच्याकडचं हे 'बरं' फार भयंकर असतं. हार्लन म्हणायचा, तिने शिव्या दिल्या तरी चालेल, पण 'बरं' नको.

"म्हणजे तुम्हाला वड्या हव्या होत्या," ती म्हणाली. "सगळ्यांना. पत्रं नको होती."

लाइलच्या तोंडचं पाणी पळालं. "पत्रं नको? कोण म्हणतं? मी अर्डेलकडे जाऊन वाचतो की! सगळेच जातात. तिच्या स्वयंपाकघरात काल आम्ही अकरा जण होतो. ती मोठ्याने वाचते. टोमॅटोच्या वेळी तर..." त्याला वाटलं, आपण बाजू सावरतोय. "तुझी पत्रं म्हणजे, काय सांगू, वाईट नाहीत."

'वाईट नाहीत' यापेक्षा मोठं कौतुक आमच्याकडे कोणाचं होत नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी एवढंच म्हणतात. पण व्हर्ना तोवर ताट त्याच्या हातात कोंबून गाडीत बसली होती.

परतीच्या वाटेवर कोठाराशी आल्यावर तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी गाडी थांबवली. बघतो तर ती हसत होती! डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज फुटत नव्हता, नुसती हलत होती.

"अकरा जण," ती म्हणाली. "अर्डेलचं स्वयंपाकघर केवढं आहे रे? दोघं उभे राहिले तर तिसऱ्याला सिंकमध्ये बसावं लागतं!" मीही सुटलो. दोन म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला गाडीत बसून खोखो हसताहेत, आणि मागून आलेला ट्रॅक्टरवाला थांबून विचारतोय, काही मदत हवी का!

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. "डेल, मी फार मूर्ख आहे. इतके आठवडे पत्रं लिहितेय, आणि मला काय हवंय ते एकदाही सांगितलं नाही. कोणाला कसं कळणार?"

घरी येऊन ती संगणकासमोर बसली. एका बोटाने टकटक करत लिहिलं. पाच मिनिटांत झालं. मी खांद्यावरून वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. आमच्या गावात असं पत्र कोणी कधी लिहिलं नव्हतं.

'माझ्याकडे दोन हजार शंभर जिरेनियम आहेत. मी लावलेली आहेत आणि ती चांगली आहेत. सोमवारपर्यंत गेली नाहीत तर मंगळवारी मी हार्लनचं ग्रीनहाऊस मोडायला देणार आहे. ते मोडावं असं मला वाटत नाही. या आणि घ्या. हे मी एकदाच विचारते आहे. व्हर्ना.'

"चांगली आहेत, असं स्वतःच लिहितेस?" मी म्हणालो.

"आहेतच चांगली," ती म्हणाली आणि तिने कळ दाबली.

आता एक घोटाळा होता. ज्यांची नावं गेली होती, त्यांना पत्र पाठवता येत नाही, तसा कायदा आहे. म्हणजे तिची सगळ्यात जवळची माणसं नेमकी या पत्राच्या यादीत नव्हती. दुपारपर्यंत सामसूम. दोनच गाड्या आल्या. व्हर्ना काउंटरमागे उभी, हात एप्रनमध्ये. मी एकच कुंडी तीनदा पुसली.

तीन वाजता संगणक टिंग म्हणाला. ॲरिझोनाहून पत्र. चेरिल नावाची बाई, गाव सोडून तीस वर्षं झाली. 'व्हर्ना, माझ्या चुलतभावाने तुझं पत्र मला पाठवलं. मला यंदा यायला जमणार नाही. माझ्या आईच्या थडग्यावर माझ्या वतीने दोन ठेवशील का? लाल. तिला गुलाबी आवडायचं नाही.'

"ही माझ्या यादीत कुठे आहे?" व्हर्नाने विचारलं.

तेवढ्यात पुन्हा टिंग. सिॲटलहून कोणी. पुन्हा टिंग. टेक्सास. टिंग. अलास्का! अलास्काला कोण गेलं होतं एल्डरव्हिकचं? ओल्सनचा धाकटा! टिंग, टिंग, टिंग! कर्स्टनचा फोन आला, ती किंचाळत होती. "मावशी, तुझी यादी दोनशे सहासष्टची, आणि पत्र उघडलंय अडीच हजार वेळा! लोक पुढे पाठवताहेत! आईने मुलाला, मुलाने बहिणीला! मी निघालेय तिकडे!"

मला तिथे उभ्या उभ्या जे कळलं ते सांगतो, आणि हे सांगताना मला काही आनंद होत नाही. चौतीस वर्षं मी या गावातून बाहेर गेलेल्या पोरांचे पत्ते बदलताना पाहिले. आधी फार्गो, मग डेन्व्हर, मग पत्ताच नाही. त्या सगळ्यांच्या आया इथे पुरलेल्या. दर मेमोरियल डेला त्यांना ती थडगी आठवत असतील, पण सांगणार कोणाला? सहाशे कार्डं मी टाकली, त्यातलं एकही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तंबूवाल्याकडे टायर मिळतात, दूध मिळतं. पण ओल्सनच्या आईचं थडगं कुठल्या रांगेत आहे, हे व्हर्नालाच माहीत.

गुरुवारी सकाळी नावं काढलेली मंडळी आली. सेहेचाळीस जण, रांगेने, खाली मान घालून. पत्र अर्डेलने आपल्या स्वयंपाकघरात त्यांनाही वाचून दाखवलं होतं. आणि प्रत्येकाच्या हातात वड्यांचं ताट! लिंबाच्या, खजुराच्या, चॉकलेटच्या. लाइलने स्वतः केलेल्या, कडा जळलेल्या. काउंटरवर जागा उरली नाही, खतांच्या पोत्यांवर ताटं मांडली. प्रत्येकाने कागदावर आपलं नाव पुन्हा लिहिलं. व्हर्नाने लाइलची एक वडी तोडून खाल्ली. सगळे श्वास रोखून उभे.

"वाईट नाही," ती म्हणाली.

लाइल असा फुलला की काय सांगू! "काय करायचं सांग," तो म्हणाला. "माझा पिकअप बाहेर आहे. फावडं आहे."

मग चार दिवस जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. गावाच्या आसपास दफनभूमी चार. लाइलच्या पिकअपमध्ये जिरेनियम, अर्डेलच्या हातात नावांचा कागद, ती नाव ओरडायची आणि आम्ही धावायचो. "गुडरन हाल्वोर्सन! पांढरं एक!" "कुठे?" "लिलॅकच्या झाडाशी!" सत्तरीतली माणसं थडग्यांमधून पळताहेत, एकमेकांवर आदळताहेत, हसताहेत. पाद्री येऊन म्हणाला, "जरा हळू, ही दफनभूमी आहे." त्याच्या हातात दोन कुंड्या दिल्या, तर पाच मिनिटांत तोही पळायला लागला. कर्स्टन प्रत्येक थडग्याचा फोटो काढून ज्याचं त्याला पाठवायची. लगेच उत्तर यायचं. कोणी नुसतं 'आई' एवढंच लिहायचं. एकाने लिहिलं, 'दगड कोणी पुसला?' मीच पुसला होता, रुमालाने. मी तसं कळवायला सांगितलं. त्या माणसाने आणखी पाच मागवली, शेजारच्या थडग्यांसाठी, ज्यांचं कोणी उरलं नव्हतं.

गावातलीही सगळी आली. नाव काढलेली, न काढलेली, कधी यादीत नसलेली. सोमवारी दहाला दफनभूमीत बँड आणि बंदुकांची सलामी असते, त्याच्या आत कुंड्यांची शेवटची पेटी तिकडे न्यायची होती. साडेनऊला मी मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये गेलो. नुसती माती सांडलेली टेबलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी माझी टोपी वर फेकली. ती छताला लागून पडली. पुन्हा फेकली.

सलामी झाली, बँड गेला, माणसं जेवायला गेली. व्हर्ना मागे राहिली होती, म्हणून मीही थांबलो. दफनभूमीची सगळी टेकडी लाल-गुलाबी. ती रांगेरांगेतून चालत गेली आणि एका दगडासमोर थांबली. मी मागून बघितलं. हार्लनचा दगड. समोर हिरवं गवत. एकही फूल नाही. ज्याला त्याला वाटून देण्याच्या नादात ती स्वतःसाठी एक ठेवायचं विसरली होती, आणि आम्ही सगळे गाढव, आमच्याही लक्षात आलं नाही.

"थांब," मी म्हणालो. "त्या पलीकडच्या थडग्यावर पाच आहेत. एक इकडे आणतो. कोणाला कळतंय?"

"डेल! विकलेली आहेत ती!"

"अगं, पण हार्लनला..."

ती ऐकेना. गुडघे दुखत असताना गवतावर बसली, दगडावर तळहात टेकवला आणि हसायला लागली. आधी हळू, मग तोंडभरून, अगदी लग्नात हसली होती तशी. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"हार्लन," ती म्हणाली, "तुला द्यायला एकसुद्धा उरलं नाही रे."